राखणदाराखालचा खडक

"बाई, तुम्ही नक्की काय करता?" हा प्रश्न मला आयुष्यभर सगळ्यांनी विचारला. सासूबाईंनी विचारला, बँकेतल्या साहेबांनी विचारला, लेकीच्या शाळेत पालकसभेला विचारला. "माती तपासते" म्हटलं की समोरचा थेट शेतीवर यायचा. लिंबाला फळ का धरत नाही, मोगऱ्याला कुठलं खत घालू. मी सांगायची, अहो, मातीत काय पिकेल ते मला कळत नाही, मातीवर काय उभं राहील ते कळतं. मग समोरचा जरा हिरमुसायचा आणि विषय बदलायचा.

आता निवृत्त झाले आहे, दिवाळी अंकवाल्यांनी पानंही दिली आहेत, तेव्हा एकदाचं नीट सांगून टाकते. कुणाला इमारत, कारखाना, गोदाम बांधायचं असलं की पाया काढायच्या आधी आम्ही जागेवर जातो. लोखंडी तिपाई उभी करतो, जमिनीत भोक पाडतो. खाली एक पोकळ नळी ठेवायची आणि ठरलेल्या उंचीवरून ठरलेल्या वजनाचा घण तिच्यावर पाडायचा. नळी फूटभर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं. दोन-चार ठोक्यांत सरकली तर जमीन मऊ. ठोक्यांवर ठोके घालूनही हलेना, तर खडक, निदान तशी आशा. मग हिऱ्याचे कण बसवलेलं पातं लावायचं, खडक गोल कापायचा आणि आतला दांडा वर काढायचा. त्याला आम्ही कोअर म्हणतो. मऊ माती लॅबमध्ये आणायची, भिजवायची, दाबायची, हाताने तिच्या बारीक वळ्या करायच्या आणि वळी कधी तुटते ते बघायचं. अंबरनाथला माझी छोटीशी लॅब होती. टेबलावर त्या वळ्या बघून शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगोबाई, शेवया काळ्या कशा झाल्या?"

गोदामाचं काम मला सगळ्यांत आवडायचं. लोकांना वाटतं, चार भिंती आणि वर पत्रा, त्याला कसली आलीय तपासणी! इथेच तर गाडं अडतं. राहत्या घराचं वजन खांबांवरून पायात जातं. गोदामात भिंती आणि छप्पर हलके असतात, सगळं ओझं असतं फरशीवर, म्हणजे थेट जमिनीवर. आज या कोपऱ्यात माल छताला टेकतो, उद्या तो कोपरा रिकामा आणि दुसरा भरलेला. खालची माती जिथे दबते तिथे फरशी बसते, तडकते, थप्पी कलते. आणि थप्पीखाली माणसं काम करत असतात हो.

या धंद्याने मला एक गोष्ट शिकवली. आपण ज्याला जमीन म्हणतो ती फक्त वरची साय असते. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका वर्कशॉपवाल्याला वर मजला चढवायचा होता. जागा एवढीशी की तिपाईचा एक पाय गल्लीत. "मॅडम, बस इतना बोलो, जमीन पास की फेल?" असं तो दर पाच मिनिटांनी विचारायचा. नळीतून काय काय वर आलं म्हणता? आधी फरशीचे तुकडे, मग कोळशाची राख, मग विटांचा चुरा, त्याखाली जुन्या बराकीची दगडी जमीन. फाळणीत घरदार सोडून आलेल्या लोकांनी ज्या जमिनीवर पहिली पथारी टाकली ती जमीन माझ्या तळहातावर होती. त्या गडबड्या माणसाला मी ती दाखवली. त्याने ती बोटाने चाचपली. मग म्हणाला, "इसपे मेरी दादी सोई होगी." जमीन पास होती, बरं का.

पण जे सांगायला बसले ते बदलापूरचं. पश्चिमेला, मांजर्लीच्या पुढे, जिथे इमारती संपतात आणि अजून थोडी भातखाचरं उरली आहेत, तिथे काशीबाईंचं शेत. काशीबाई सत्तरीच्या, काटक, नऊवारी, आणि आवाज असा की पलीकडच्या बांधावरचा बैलही थांबेल. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा प्रकाश अंबरनाथच्या एका कारखान्यात सुपरवायझर. आजूबाजूची सगळी शेतं विकली गेली होती, चारी बाजूंनी मजले वर चढत होते, आणि मधोमध हिचं भात. बिल्डरचा माणूस प्रकाशच्या मागे लागला होता. प्रकाशही वाईट नव्हता. कामावरून येऊन चिखलात उतरणं त्याला झेपत नव्हतं, एवढंच. मायलेकांत वर्षभर धुसफूस चालली होती.

शेवटी दोघांत समेट झाला तो असा. उल्हासनगरचे हरेशभाई म्हणून टाइल्सचे व्यापारी होते, त्यांना गोदाम भाड्याने हवं होतं. शेताच्या काही भागात गोदाम बांधून द्यायचं. भाडं येत राहिलं तर जमीन राहील. जमीन गोदाम पेलणारी नसेल, तर काशीबाईंनी मुकाट्याने विक्रीच्या कागदावर अंगठा द्यायचा. टाइल्सचं ओझं म्हणजे चेष्टा नव्हे. हरेशभाईंनी आधीच बजावलं होतं, "मॅडम, फर्श बैठ गया तो मेरा माल गया. तुम्ही हो म्हणाल तर मी हो म्हणणार."

आम्ही मशीन घेऊन गेलो त्या दिवशी काशीबाई बांधावर उकिडव्या बसल्या होत्या. मला जवळ बोलावलं.

"तू माती बघनार नं गो बाय?"

"हो, मावशी."

"नीट बघ. माजा शेत तुज्या मशीनवं हाय."

आजवर गिऱ्हाइकांनी मला घाई केली होती, दम दिला होता, "रिपोर्ट जरा चांगला लिवा" म्हणून गळ घातली होती. असं सरळ कुणी सांगितलं नव्हतं.

नकाशात गोदाम रस्त्यालगत दाखवलं होतं, खालच्या खाचरांत. ट्रक सरळ आत यावेत म्हणून. आमचे मुश्ताकभाई मशीन चालवायचे. पान तोंडात, कान घणाच्या आवाजावर. काळी माती लागली, मऊ, मग जरा घट्ट, आणि थोड्याच खोलीवर घण खणकन वाजला. पुन्हा खण. नळी हलेना. प्रकाश धावत आला, "खडक लागला?" बायामाणसं गोळा झाली. आमच्याकडे साइटवर खडक लागला की नारळ फोडायची रीत आहे. काशीबाईंनी तो फोडलासुद्धा, माझ्या हातावर खोबरं ठेवलं आणि डोळ्यांना पदर लावला.

मुश्ताकभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. नदीच्या आसपास पहिल्या खणखणाटावर विश्वास ठेवायचा नसतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. "मावशी, अजून खाली जाऊन बघू द्या," मी म्हटलं. खोबरं तोंडात फिरत होतं.

पातं लावलं. हातभर दगड कापला गेला आणि पातं एकदम खाली घसरलं. वर आला तो गोटा होता, नदीतला, गुळगुळीत. त्याच्याखाली पुन्हा माती. काळी, ओली, हाताला लोण्यासारखी. घण नुसता ठेवला तरी नळी आपली आपण आत चालली होती. दुसरं भोक घेतलं, तिसरं घेतलं. तेच. गोटे, खाली गाळ. तिसऱ्या भोकातल्या गाळात मला एक शिंपला सापडला, नखाएवढा, दोन्ही पाकळ्या मिटलेल्या. मी तो पाण्याने धुतला आणि अंगावर काटा आला. नदी आज तिथून कितीतरी लांब वाहते. पण कधीकाळी ती इथून, या खाचराखालून वाहत होती. तिचं जुनं पात्र जसंच्या तसं खाली निजलेलं होतं आणि वर पिढ्यान्‌पिढ्या भात पिकत होता. माणसांनी नद्यांना नावं देण्याच्याही आधीची ती नदी असेल. त्या शिंपल्यातला जीव मेला तेव्हा त्याच्यावर जो गाळ बसला, तो त्याच्यानंतर पहिल्यांदा मीच बाजूला केला होता.

पण हे कौतुक माझ्यापुरतं. काशीबाईंना काय सांगू? एवढ्या खोल गाळात फरशीखाली जागोजाग खोल खांब उतरवावे लागले असते. ते बिल्डरला परवडतं, भाड्याच्या गोदामाला नाही. मी स्पष्ट सांगितलं. लपवाछपवी करून कुणाचं भलं झालंय? प्रकाशने मान खाली घातली. त्याला आनंद झाला नव्हता, हे मी त्याच्या बाजूने मुद्दाम सांगते. काशीबाई एवढंच म्हणाल्या, "नारल उगा फोरला."

मी सामान आवरायला लागले. जायच्या आधी सगळ्या शेताला एक फेरी मारायची माझी सवय. खाचरं चढत चढत वर गेले. शेताच्या वरच्या अंगाला लांबलचक माळाची पट्टी होती. जिथे भात होत नाही अशा उंच जमिनीला आमच्याकडे वरकस म्हणतात. गवत, करवंदीच्या जाळ्या, आणि मधोमध करंजाखाली शेंदूर फासलेला एक दगड. शेताचा राखणदार. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, आधी त्याला नारळ आणि कोंबडा दिल्याशिवाय इथे कुणी चिखलात पाय टाकत नाही. प्रकाशने दिलेल्या नकाशात ही पट्टी नव्हतीच. विचारलं तर म्हणाला, "ती देवाची जागा आहे, मॅडम. तिथे आम्ही कुदळसुद्धा लावत नाही. म्हणून दाखवली नाही."

अरे देवा! शेताची मोजणी करून आणली आणि देवाचा भाग वगळून आणली! हे फक्त आपल्याकडेच होऊ जाणे. मी खाली वाकून गवत बाजूला केलं. तळहाताएवढा काळा दगड उघडा होता. चपलेच्या टाचेने ठोकला. तो नुसता वाजला नाही, खालपर्यंत घुमल्यासारखा वाटला.

"मावशी, इथे एक भोक घेऊ द्या."

"हितं नाय."

"तुमचं शेत वाचायचं असेल तर इथेच वाचेल."

त्यांनी राखणदारावर पडलेली करंजाची पानं झाडली. मग म्हणाल्या, "मंग त्यालाच इचारते." आमच्या भागात देवाला असं विचारतात, त्याला कौल लावणं म्हणतात. दगडाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि बसून राहायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. काशीबाईंनी जास्वंदीच्या दोन पाकळ्या लावल्या. प्रकाश हात जोडून उभा. मुश्ताकभाईंनी थुंकून पान टाकलं आणि डोक्यावरचा रुमाल नीट केला. भूगर्भशास्त्राची पदवी घेतलेली मी, त्या पाकळीकडे श्वास रोखून बघत होते. खोटं कशाला बोलू?

उजवी पडली.

देवापासून चार पावलं सोडून मशीन लावलं. खडक जवळजवळ वरच होता. काळाभोर, घट्ट, आणि कोअर निघाला तो अखंड, कोपरापर्यंत हाताएवढा लांब. मुश्ताकभाईंनी तो दोन्ही हातांवर घेऊन मला दिला, नुकतं जन्मलेलं मूल देतात तसा. त्याच्या अंगावर पांढऱ्या स्फटिकांचे ठिपके चमकत होते. असला खडक असताना आणखी खाली कशाला जायचं, असं प्रकाशला वाटत होतं. मी म्हटलं, जायचं. खडकाखाली काय आहे ते कळल्याशिवाय मी सही करत नाही.

खडक कापताना पातं गार राहावं म्हणून भोकात पाणी सोडतात, ते करड्या रंगाचं होऊन वर येतं. तसंच येत होतं. आणि अचानक ते लाल झालं. गढूळ तांबडं नव्हे हो, लालभडक. भोकातून भळाभळा वर आलं आणि उतारावरून राखणदाराच्या दगडाकडे वाहायला लागलं.

"रगत!" काशीबाई किंचाळल्या. "बंद कर! मशीन बंद कर!" आणि मटकन खाली बसल्या. गोळा झालेली माणसं मागे सरली. प्रकाशचा चेहरा पांढराफटक. मुश्ताकभाईंनी मशीन बंद केलं आणि पुटपुटले, "या अल्ला." काय झालंय ते मला माहीत होतं, तरी मीही एक पाऊल मागे सरले.

मी म्हटलं, नळी वर घ्या. कोअर निघाला. काळा खडक संपला होता आणि त्याच्याखाली वीतभर लाल मातीचा थर होता, भाजलेल्या कौलासारखा. मी तो घेऊन काशीबाईंच्या शेजारी जमिनीवर बसले.

"मावशी, रक्त नाही. माती आहे. हात लावा."

त्या हात लावेनात.

"हा सगळा काळा खडक एकेकाळी रस होता. जमिनीला भेगा पडल्या, त्यातून उकळता रस बाहेर आला, पसरला, थिजला, त्याचा दगड झाला. मग बराच काळ काही झालं नाही. ऊन-पाऊस त्या दगडावर पडत राहिला, त्याची माती झाली. उघडी जमीन होती ही, मावशी. तुमच्या शेतासारखी. आणि मग पुन्हा रस आला. तो या मातीवरून वाहिला आणि ही माती खाली भाजून निघाली. म्हणून लाल."

काशीबाईंनी हळूच बोट लावलं. बोटाला लाल लागलं. त्या ते बघत राहिल्या.

"ह्या मातीवं कोन चालला असंल गो?"

"कोणी नाही. तेव्हा माणूसच नव्हता."

"म्हंजे पाऊस परत होता नि बघाया कोनी नव्हता?"

"कोणी नव्हतं."

"बाय गो!" त्या म्हणाल्या. हा लाल थर मी वर्गात शिकले होते, कितीतरी साइटवर पाहिला होता, रिपोर्टात त्याची जाडी लिहिली होती. त्यावर कुणी न पाहिलेला पाऊस पडला होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. मग काशीबाईंनी बोटावरची माती राखणदाराला लावली, शेंदरावर, आणि मुश्ताकभाईंना म्हणाल्या, "चालू कर रं भावा."

थर वीतभरच होता आणि पुरेसा खोल होता. त्याच्याखाली पुन्हा काळा पाषाण. वरकसाच्या पट्टीत आणखी तीन भोकं घेतली. सगळीकडे तेच. गोदाम इथे बसत होतं, डोळे मिटून. फक्त एकच अडचण. ते बसलं की राखणदार बरोबर फरशीच्या आत येत होता.

दुसऱ्या दिवशी हरेशभाई आले. त्यांच्यासमोरच काशीबाईंनी दुसरा कौल लावला, देवाला बांधावर हलवू का म्हणून. सगळे बसलो. ऊन चढलं. पाकळ्या सुकायला लागल्या. शेवटी डावी पडली. काशीबाईंनी पाण्याचा हात फिरवून पुन्हा लावल्या. पुन्हा डावी.

"नाय उठत म्हनतो," त्या म्हणाल्या. प्रकाश उठून पाठमोरा उभा राहिला. मी नकाशा पुढे घेतला, गोदाम अलीकडे सरकवून बघितलं, तर अर्धं गाळात जात होतं. पलीकडे हद्द. माझी सगळी विद्या तिथे संपली.

हरेशभाई गुडघे धरत उठले, दगडाजवळ गेले, चपला काढल्या. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, याला उठवायचा कशाला? करतो काय हा?"

"शेत राखतो," प्रकाश म्हणाला.

"मग माल पण राखेल! गोदामाला चौकीदार लागतोच ना? बसू दे. चारों तरफ से थोडी जगह छोड दो, मैं इधर टाइल नहीं रखूंगा."

कुणालाच हसू आवरेना. काशीबाई तर पदर तोंडाशी धरून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी म्हटलं, "मावशी, पुन्हा कौल लावता?" तर म्हणाल्या, "नाय गो. हलवू का इचारला, त्यानं नाय सांगला. बसू दे म्हनाया कौल कशाला?"

तसं ते झालं. फरशीत एक चौकोन मोकळा सोडला, करंजाची फांदी न तोडता पत्रा त्याच्या भोवतीने कापून घेतला, आणि कच्चा रस्ता वरपर्यंत नेला. इमारतीचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरने मला फोन करून विचारलं होतं, "मॅडम, मधोमध हा चौकोन कसला? पाण्याची टाकी का?" मी म्हटलं, "ज्येष्ठ रहिवासी आहेत." एक हळहळ मात्र राहिली. काम झाल्यावर कोअरच्या पेट्या कोण सांभाळतो? साइटवरून कुठे गेल्या कुणास ठाऊक, तो लाल तुकडाही त्यांच्याबरोबर गेला. आजूबाजूच्या खाचरांतही भराव पडतोच आहे, आणि त्यांच्याखाली नदी निजली आहे हे तिथे घर घेणाऱ्या कुणाला माहीत नाही.

फरशी ओतली त्या दिवशी मी गेले होते. काशीबाई खालच्या खाचराच्या बांधावर होत्या, तिथे पुन्हा भात लावायचं त्यांचं ठरलं होतं. तेवढ्यात प्रकाशचा फोन वाजला. बिल्डरचा माणूस. भाव वाढवून देतो, अजून विचार करा, असं काहीतरी चाललं असावं. प्रकाश हो-नाही करत राहिला. काशीबाईंनी हात पुढे केला, फोन घेतला, कानाला उलटा लावला, मग सुलटा केला.

"बाबा," त्या म्हणाल्या, "राखनदाराला इचारला. त्यो उठत नाय. मंग मी कशी उठू?"

आणि फोन लेकाच्या हातात देऊन त्या चिखलात उतरल्या.